उंबऱ्यासकट आणलेलं दार

दादा, काल तुझं तेरावं झालं. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, वहिनीच्या माहेरची माणसं दुपारच्या एसटीने परतली, आणि घरात तुझ्याबद्दल चांगलं बोलणारं कुणी उरलं नाही. इतके दिवस मी ऐकतच होते. देवमाणूस होता, टाकलेल्या बहिणीला जन्मभर सांभाळलं, आजकाल कोण करतं एवढं. मी मान हलवायची आणि चहाचे कप गोळा करायची. कप आता धुऊन झाले. आता माझं ऐक, आणि मध्ये बोलू नकोस. तसाही बोलायच्या वेळी तू कधी बोललास?

आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते तुझ्या लाडक्या दारावरून आहे, हे गडब गावात तुला, मला आणि वहिनीला सोडून कुणाला माहीत नाही. लोक अजून येता-जाता त्या दारावर हात फिरवतात. काय सागवान आहे, म्हणतात. तुझा फोटो ठेवला होता त्याच्या शेजारीच होतं ते, त्यामुळे निम्मी माणसं तुझ्याकडे बघून हळहळली आणि निम्मी दाराकडे बघून.

हायवे रुंद झाला तेव्हा आपली पडवी गेली आणि पुढच्या पायऱ्या गेल्या. घराचं तोंडच कापून नेलं. पुढे निळी ताडपत्री आणि पत्र्याचं दार, एवढ्यावर आपण पावसाळे काढले. ट्रेलर गेला की पत्रा थडथडायचा आणि वहिनीच्या वाळत घातलेल्या पापडांवर धूळ बसायची. तू कंपनीतून रिटायर झालास आणि तुझ्या डोक्यात शिरलं की घराचं तोंड नीट करायचं. नवं दार तुला नको होतं. पेणच्या दुकानात फ्लश डोअर दाखवलं तर तू त्यावर टिचकी मारून त्या दुकानदाराच्या तोंडावर म्हणालास, "ह्यो नुसता भुसा हाय. दोन पावसात फुगल." मग तू पाडलेल्या घरांची दारं विकणाऱ्या वखारी पालथ्या घालायला लागलास. रोज जेवताना आम्हाला दारांच्या गोष्टी. एकावर मोर होते पण खालून वाळवी लागलेली. एक चांगलं होतं पण आपल्या भिंतीला बुटकं. वहिनी म्हणाली, "दार बघताव का सून?" आपण तिघं हसलो होतो. मीपण हसले होते, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

भाऊबीज उलटल्यावर एका दुपारी रोह्याहून टेम्पो आला. दोन झडपा, चौकट आणि दोरीने वेगळा बांधलेला उंबरा. सगळं हिरव्या ऑइलपेंटने माखलेलं. तुझा चेहरा असा होता की जणू मुलगी पसंत पडली. महादू सुतार आला, त्याने सगळं ठोकून बघितलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबला.

"दादा, झडपा लावतो, चौकट लावतो. उंबरा तेवढा नवा करू."

"कशाला? चांगला तर हाय."

"चांगला हाय तो. पन दुसऱ्याच्या घरचा उंबरा कोन आनत नाय. त्यांच्या सुना माप ओलांडून आल्यात त्याच्यावरून. हलदी-कुंकू लागलंय त्यांच्या हातचा. दार आना, खिडक्या आना. उंबरा नाय."

तू नेहमी अशा गोष्टींना मान देणारा माणूस. नवी स्कूटर घेतलीस तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय हलवली नव्हतीस. पण त्या दिवशी तू म्हणालास, "लाकूड हाय ते. लाव." महादूने वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे. शेवटी त्याने बसवला, पण आधी स्वतःच्या पदरचा नारळ आणून फोडला आणि हात जोडून पुटपुटला. तुझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी. एवढं तो मला नंतर स्पष्ट बोलला.

झडपा बसवायच्या आधी हिरवा रंग काढायचा होता. तू म्हणालास, बाय, तुझा हात रंगाचा, तूच बघ. खरंच आहे, इतकी वर्षं हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम केलंय, पॉलिश पेपर माझ्या हाताला ओळखीचा. मी पदर खोचून घासत बसले. हिरव्याखालून सागवान दिसायला लागलं तसं मलाच बरं वाटायला लागलं. वहिनी चहा घेऊन आली तर मी तिला म्हटलं, बघ, कुणीतरी या दाराला वर्षानुवर्षं तेल पाजलंय, त्याशिवाय असा रंग येत नाही. कुणी पाजलंय ते मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं, आणि तू तिथंच विडी ओढत बसला होतास.

दार उभं राहिलं. संध्याकाळ व्हायची होती अजून. तू म्हणालास, "बाय, लावून बघ." मी आत गेले, दार ओढलं आणि कडी घालायला हात वर केला. कडी बसेना. तर माझ्या हाताने ती आपोआप थोडी वर उचलली, खांद्याने झडपेला हलका धक्का दिला आणि मग कडी खटकन बसली. माझ्या डोक्यात काही यायच्या आधी खांद्याने ओळखलं. रोह्याच्या त्या घरात अकरा वर्षं रोज मी ते दार असंच लावलं होतं. सुनेचं काम होतं ते. दर दिवाळीला त्याला खोबरेल तेल लावायचं, तेही सुनेचंच. हिरवा रंग मी निघून आल्यावर चढवला असणार.

खाली बघितलं. उंबरा. नवी नवरी म्हणून ज्याच्यावरचं तांदळाचं माप पायाच्या अंगठ्याने लवंडलं होतं तो.

"हे कुठलं दार आहे?" मी आतूनच विचारलं.

"रोह्याचं."

"रोह्यात कुठलं?"

"वखारीतलं. वखारीत काय दारावर नाव लिवलेलं असतं काय गो?"

"तुला माहीत आहे, दादा."

"सागवान हाय, बाय. असलं आता बघायला मिलत नाय. लाकडाला काय माहीत, कोन कुनाचा."

वहिनी दोघांकडे बघत विचारत राहिली, काय झालं, अहो काय झालं. तू पेचकस घेऊन बिजागरीचा आधीच घट्ट असलेला स्क्रू पिळत बसलास.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. ते स्थळ तूच आणलं होतंस. तुझ्या खात्यातला माणूस, चांगला पगार, रोह्यात स्वतःचं घर. तो हात उचलतो हे मी पहिल्यांदा माहेरी येऊन सांगितलं तेव्हा तू म्हणालास, घरात होतं असं, थोडं सांभाळून घे. आणि मला परत नेऊन सोडलंस. दुसऱ्यांदा आले तेव्हा पाठ दाखवली वहिनीला. तिने तुला सांगितलं. तू म्हणालास, "मला रोज त्याचं तोंड बघायचंय कंपनीत. लोकं काय बोलतील?" आणि पुन्हा नेऊन सोडलंस.

ती दुसरी दुपार. तू माझी बॅग घेऊन पुढे, मी मागे. सासूबाईंनी एकच झडप उघडली. "आणलीत? बरं केलंत," म्हणाल्या. मला आत घेतलं, तुला ओटीवर चहा दिला. तुझी सेकंड शिफ्ट होती. तू "येतो" म्हणालास आणि दार लागलं. तो आतल्या खोलीतून आला आणि मला तिथंच मारलं, दाराच्या आत. माझं डोकं झडपेवर आपटलं, चांगलं मोठ्याने. बाहेर तू पायऱ्या उतरत होतास. तुझ्या चपलांचा आवाज थांबला. मी ऐकलं, दादा, तो थांबला. मला वाटलं, आता कडी वाजेल. मग चपला पुन्हा वाजल्या आणि लांब गेल्या.

पुढे मी एकटीच निघून आले. बाबा होते तेव्हा, त्यांनी ठेवून घेतलं. तू त्या दिवशी कामावरून आलास, माझी बॅग कोपऱ्यात बघितलीस आणि हातपाय धुऊन जेवायला बसलास. काही बोलला नाहीस. त्यानंतरही कधी नाही. मला घरात वाटा नको होता, कोर्टकचेरी नको होती, त्याची नोकरी जावी असंही वाटत नव्हतं. मला तुझ्या तोंडून एकच वाक्य हवं होतं. बाय, मी तुला तिथं परत न्यायला नको होतं. एवढंच. त्यासाठी मी किती निमित्तं काढली असतील. रोह्याचा विषय काढायची, दुसऱ्या कुणाच्या मुलीचा विषय काढायची. तू लगेच उठून म्हशींकडे जायचास. म्हशी विकल्या तेव्हा मी मनात म्हटलं, आता कुठे जाशील? तर तू स्कूटर पुसायला लागलास.

आणि तरीही तुझ्याबद्दल वाईट बोलायला लागले की माझी जीभ अडखळते, कारण तू माणूस वाईट नव्हतास, हाच तर त्रास आहे. कंपनीतून थकून आलेला असायचास आणि गणपतीच्या हंगामात मला हमरापूरहून आणायला स्कूटर काढायचास. कारखान्याबाहेर उभा राहायचास, आत यायचा नाहीस, रंगाचा वास सहन व्हायचा नाही. मला कावीळ झाली तेव्हा तू मासे खाणं सोडलंस, का तर मला वासाने वाटेल म्हणून. शेजारच्या एकाने मला टाकलेली म्हटलं तर तू त्याची कॉलर धरलीस आणि त्याच्या मुलाच्या लग्नाला आपल्या घरचं कुणी गेलं नाही. माझ्यासाठी तू जगाशी भांडायचास. फक्त माझ्याशी बोलायचा नाहीस. मी हे सगळं विसरलेले नाही. तुझं करणं मला कधी कमी पडलं नाही, आणि जे हवं होतं ते तू कधी केलं नाहीस.

दाराच्या त्या दिवसापासून मी पुढून येणं-जाणं बंद केलं. माहेरच्या घरात शिरायचं आणि सासरचा उंबरा ओलांडायचा, हे मला जमणार नव्हतं. मागून, मोरीच्या कडेने, केळींजवळून ये-जा. तू आधी चेष्टा केलीस. "मागल्या दारानं चोर येतात गो." मग पाऊस नसताना केळींच्या पाण्याने तिथं चिखल व्हायला लागला आणि एक दिवस माझा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी तू कुठून तरी लाद्या आणल्यास आणि भर उन्हात बसून मागची वाट बांधून काढलीस. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मला वाटलं, आता लाद्या संपल्या की हा येईल आणि बोलेल. तू आलास, पाणी मागितलंस, म्हणालास, "आता नाय घसरनार." बस्स. बोलायच्या जागी लाद्या टाकल्यास. तेव्हा मी वहिनीला म्हटलं होतं, तुझा नवरा मेला तरी बोलणार नाही. म्हटलं होतं खरं, आणि तसंच झालं.

तू गेलास त्या सकाळी तू आंघोळीचं पाणी काढलंस आणि मोरीतच बसलास. पेणच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं आटपलं होतं. दुपारी तुला बाहेर न्यायची वेळ आली तेव्हा काय झालं ते तुला सांगते, तू असतास तर हसला असतास. रोज आपण एकच झडप उघडतो. तिरडीला दोन्ही लागतात. दुसऱ्या झडपेची वरची खिटी काही निघेना. पोरांनी ठोकली, कुणी पक्कड आणली, कुणी म्हणालं तोडा. तू खाली आडवा, बायका रडतायत, आणि हे सगळे दाराशी झोंबतायत. मी उठले. त्यांना बाजूला केलं, झडपेखाली पाय लावून ती जराशी उचलली, खिटी अर्धी फिरवून खाली ओढली. निघाली. त्या घरातलं एवढंच शिक्षण माझ्या कामाला आलं, तुला बाहेर काढायच्या. मी आतल्या बाजूला उभी राहिले, तू उंबऱ्यावरून गेलास. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटलं की आता हा कधीच सांगणार नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी रोह्याहून सासूबाई आल्या. भाचीला बरोबर घेऊन, नागोठण्यापासून रिक्षा करून. त्या येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कंपनीच्या कुणाकडून तरी त्यांना कळलं म्हणे. फार म्हाताऱ्या झाल्यात. त्यांचा मुलगा कुठे असतो ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. दारात आल्या आणि थबकल्या. झडपेवर तळहात ठेवला.

"अनघा, चांगलं बसवलंन हो तुझ्या भावानं."

अनघा. त्या घरात गेल्यावर तांदळाच्या ताटात लिहिलेलं माझं नाव. त्यांच्याशिवाय आता ते कुणाला आठवतही नसेल. भेटायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत, म्हणून मी "या" म्हटलं. चहा दिला. वहिनी आतल्या खोलीत होती, मी आणि त्या दोघीच बसलो, भाची बाहेर फोनवर.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वखारीत मिळालं ते दादाला."

"वखार कसली गो? घर पाडायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. मी ओटीवर भांडी बांधत होते. म्हणाला, काकू, हे दार मला द्या. उंबऱ्यासकट द्या. मी म्हटलं, दार ने बाबा, उंबरा कशाला? तर तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस."

मी कप खाली ठेवला.

"म्हणाला, मी तिला दोनदा या दारातून आत लोटली. आत मारलेलं मी ऐकलं, तरी पायऱ्या उतरलो. माझं चुकलं, काकू. मला रातची झोप नाय. हा उंबरा तिच्या पायाखाली जाऊ दे."

"मग?"

"मग काय? मी पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, झालं ते झालं. तू भाऊ होतास, तू आपल्या जागी बरोबरच होतास. आता मनात धरू नकोस. मग शांत झाला. पाणी प्यायला. जाताना चांगला हसून गेला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी विचारलं हो त्याला, तिला बोललास का हे? तर म्हणाला, दार बघितलं की तिला समजल."

माणूस गेलेल्या घरात भांडत नाहीत. त्या उठल्या तेव्हा त्यांना पाय उचलता येईना, म्हणून मी हात दिला आणि धरून रिक्षापर्यंत नेलं. रिक्षात बसताना सवयीने म्हणाल्या, "येत जा हो कधी." कुठे येऊ? ते घर तर पाडलंय. रिक्षा गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हायवेच्या कडेला उभी आहे, म्हणजे उंबरा ओलांडून पुढच्या दाराने बाहेर आले आहे. परत जाताना मी मागून गेले.

वहिनीला सगळं सांगितलं. ती खूप रडली. म्हणाली, महादूला बोलावू, उंबरा काढून टाकू. मी म्हटलं, राहू दे. लाकडाने काय केलंय? दारावरचा माझा राग गेलाय, दादा. तो सगळा आता तुझ्यावर आलाय.

ते वाक्य माझं होतं. त्याची वाट बघत मी इतकी वर्षं तुला जेवायला वाढलं. तू ते घेऊन रोह्याला गेलास, ज्या बाईने मला आत घेऊन दार लावलं तिच्यापुढे बसून बोललास, आणि तिने तुला माफ केलं. ती कोण माफ करणार? मार मी खाल्ला होता. तू हलका होऊन, दार टेम्पोत घालून घरी आलास, आणि मला म्हणालास सागवान आहे.

मी तुला माफ केलेलं नाही, दादा. विचारलं असतंस, तर त्याच दिवशी केलं असतं.